सापळा यशस्वी, खटला अयशस्वी: किरकोळ लाचेच्या प्रकरणांत नेमके कुठे अडते?

जुना_कारकून

मी राज्य शासनाच्या एका खात्यात बत्तीस वर्षे लिपिक म्हणून नोकरी केली. त्या काळात दोन वेळा लाचलुचपत प्रतिबंधक विभागाच्या सापळ्यात सरकारी पंच म्हणून जाण्याचा प्रसंग आला. दोन्ही वेळी लाच घेणारा कर्मचारी रंगेहाथ सापडला आणि दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात बातमीही आली. पुढे दोन्ही आरोपी न्यायालयातून निर्दोष सुटले, त्याची बातमी मात्र कुठेही आली नाही. हे असे का होते, याचा मी निवृत्तीनंतर बराच विचार केला आहे. तो येथे मांडतो आणि जाणकारांनी त्यातील चुका दाखवाव्यात अशी विनंती करतो.

पहिला सापळा २००९ मधला. एका शेतकऱ्याने खरेदी केलेल्या जमिनीची फेरफार नोंद अडली होती आणि ती करण्यासाठी संबंधित कर्मचाऱ्याने दोन हजार रुपये मागितले होते. आधी पडताळणी झाली. तक्रारदाराच्या खिशात ध्वनिमुद्रक ठेवून आम्हा दोघा पंचांपैकी एकाला, म्हणजे मला, त्याचा नातेवाईक म्हणून बरोबर पाठवण्यात आले. घासाघीस होऊन रक्कम दीड हजारावर आली. दुसऱ्या दिवशी तक्रारदाराने स्वतःच्या पैशांतून पाचशेच्या तीन नोटा आणल्या. त्यांचे क्रमांक पंचनाम्यात लिहिले गेले, नोटांना अँथ्रासीन पावडर लावली गेली आणि त्या त्याच्या शर्टाच्या डाव्या खिशात ठेवल्या गेल्या. ही पावडर साध्या उजेडात दिसत नाही, पण अतिनील दिव्याखाली निळसर चमकते.

नोटा स्वीकारल्या गेल्या, तक्रारदाराने ठरल्याप्रमाणे रुमालाने तोंड पुसले आणि पथक आत शिरले. खिडक्या लावून घेतल्या. अंधारात दिवा लागला तेव्हा त्या कर्मचाऱ्याच्या उजव्या हाताची बोटे चमकली, टेबलाच्या कप्प्याची मूठ चमकली आणि समोर पडलेल्या एका अर्जाच्या कोपऱ्यावरही अंगठ्याएवढा निळा डाग दिसला. तो माणूस स्वतःच्या हाताकडे पाहत होता आणि खोलीतील आम्ही आठ-नऊ जण त्याच्याकडे पाहत होतो. मला त्या क्षणी वाटले होते की यापुढे सिद्ध करण्यासारखे काही उरलेलेच नाही.

माझी साक्ष झाली २०१८ मध्ये. तक्रारदाराची साक्ष माझ्या आधी झाली होती आणि तो फितूर झाला होता. ‘ते पैसे मी साहेबांकडून हातउसने घेतले होते, तेच परत दिले,’ असे त्याने शपथेवर सांगितले. मला उलटतपासणीत दिवा कोणी धरला होता, खोलीला खिडक्या किती होत्या, कर्मचारी नेमके काय म्हणाला, असे विचारण्यात आले. नऊ वर्षांनंतर खिडक्यांची संख्या मला आठवली नाही. आरोपी सुटला.

निकालानंतर तो तक्रारदार मला न्यायालयाच्या जिन्यात भेटला. मी रागानेच विचारले, तर तो म्हणाला, ‘भाऊसाहेब, सापळा झाला, तुम्ही सगळे निघून गेलात. माझी नोंद पुढची चार वर्षे कोणी केली नाही. नवा आलेला माणूस म्हणायचा, तुझ्या कागदाला हात लावायला मला भीती वाटते. शेवटी ज्याला पकडून दिले त्याच्याच ओळखीने नोंद झाली. मग मी त्याच्याविरुद्ध कसा बोलू?’

माझे म्हणणे या एका उत्तरात आले आहे. किरकोळ लाचेचा खटला न्यायालयात हरला जातो असे आपण मानतो. माझ्या मते तो त्याच कार्यालयात, सापळ्यानंतरच्या पहिल्या काही महिन्यांत हरलेला असतो. ज्या कामासाठी लाच मागितली गेली ते काम सापळ्यानंतर ठराविक दिवसांत, वरिष्ठांच्या देखरेखीखाली पूर्ण झाले पाहिजे आणि तसा अहवाल तपास अधिकाऱ्याच्या कागदपत्रांत लागला पाहिजे. हे होत नाही तोवर तक्रारदार हा साक्षीदार राहत नाही. तो त्याच कार्यालयाच्या दारात हात जोडून उभा असलेला अर्जदार असतो, आणि अर्जदाराकडून निर्भय साक्षीची अपेक्षा धरणे मला अन्यायाचे वाटते.

काळा_कोट

धागाकर्त्यांनी अनुभव अतिशय स्पष्टपणे मांडला आहे. मी काही वर्षे विशेष न्यायालयात शासनाच्या बाजूने असे खटले चालवले, म्हणून कायद्याची बाजू थोडी विस्ताराने लिहितो.

भ्रष्टाचार प्रतिबंधक अधिनियम, १९८८ मधील कलम ७ खाली गुन्हा सिद्ध करायचा तर मागणी आणि स्वीकार या दोन गोष्टी सिद्ध व्हाव्या लागतात. केवळ नोटा सापडल्या, बोटे चमकली, एवढ्याने भागत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने वारंवार सांगितले आहे. निळा डाग हा स्पर्शाचा पुरावा असतो, मागणीचा नसतो. हातउसन्या पैशांचा बचाव इतका लोकप्रिय आहे तो याचमुळे: त्यात स्पर्श मान्य करता येतो आणि मागणी नाकारता येते. कलम २० मध्ये लोकसेवकाविरुद्ध, म्हणजे त्याने पैसे लाच म्हणूनच घेतले असे, गृहीतक धरण्याची तरतूद आहे, पण स्वीकार सिद्ध झाल्याशिवाय त्या गृहीतकाचे दार उघडत नाही.

आपल्या खटल्यात तक्रारदार उलटल्यावर सगळेच कोसळले, ते त्या काळाला धरून होते. २०१४ आणि २०१५ मधील निर्णयांमुळे अशी समजूत बळावली होती की तक्रारदार मृत्यू पावला किंवा फितूर झाला तर मागणी सिद्धच होऊ शकत नाही. हा गुंता सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने १५ डिसेंबर २०२२ रोजी सोडवला. तक्रारदार उपलब्ध नसला किंवा उलटला तरी इतर साक्षीदारांच्या साक्षीने, तसेच परिस्थितीजन्य पुराव्याने मागणी आणि स्वीकार सिद्ध करता येतात, असे त्या निर्णयात म्हटले आहे. याचा व्यवहारातील अर्थ असा की पंचाची साक्ष पूर्वीपेक्षा किती तरी वजनदार झाली आहे. आपण आज साक्ष दिली असती तर आपल्याला खिडक्यांपेक्षा त्या कर्मचाऱ्याच्या शब्दांविषयी अधिक विचारले गेले असते.

आता लहान रकमेविषयी. पूर्वीच्या कलम २० मध्ये एक पोटकलम होते. स्वीकारलेली गोष्ट इतकी क्षुल्लक असेल की तिच्यावरून भ्रष्टाचाराचा निष्कर्ष काढणे योग्य ठरणार नाही, तर न्यायालय गृहीतक धरण्यास नकार देऊ शकत असे. २६ जुलै २०१८ पासून अमलात आलेल्या दुरुस्तीत ते पोटकलम राहिले नाही. दुसरीकडे कलम ७ ची शिक्षा पूर्वी सहा महिने ते पाच वर्षे होती, ती २०१४ पासून किमान तीन आणि कमाल सात वर्षे झाली. म्हणजे शंभर रुपये घेणाऱ्यालाही दोषी ठरल्यास तीन वर्षांपेक्षा कमी कारावास देता येत नाही. लाच शंभराची असो की लाखाची, ज्याच्याकडून ती घेतली जाते त्याची अगतिकता सारखीच असते, हे मला मान्य आहे. तरीही माझे मत असे आहे की किमान शिक्षा वाढली की न्यायाधीशाचे मन पुराव्यातील प्रत्येक फटीकडे अधिक वळते आणि लहान रकमेच्या खटल्यांत त्याचा फायदा आरोपीला मिळतो.

बांधावरची

मी तक्रारदार होते, म्हणून लिहिते. वडील गेल्यानंतर वारस नोंदीसाठी मी आणि आई चकरा मारत होतो. गाव नमुना सहा क मध्ये नोंद घ्यायची, नोटीस काढायची आणि मंडळ अधिकाऱ्यांकडे पाठवायचे, एवढेच काम होते. अर्जाची पोच मागितली तर ‘पोच कशाला, तुमच्यावर विश्वास नाही का आमचा’ असे उत्तर मिळे. पैसे मागितले ते त्या कर्मचाऱ्याने स्वतः कधीच नाही. त्याच्या शेजारी खुर्ची टाकून बसणारा एक खासगी मुलगा होता, ज्याला आमच्याकडे झिरो तलाठी म्हणतात, त्याने मागितले.

मी १०६४ या क्रमांकावर फोन केला आणि पुढे तक्रार लेखी दिली. विभागातील लोक माझ्याशी नीट वागले, हे मुद्दाम नमूद करते. त्यांनी सांगितले की आधी तक्रार देऊन मग सापळ्यात दिलेले पैसे हा तुमचा गुन्हा ठरत नाही, आणि एखाद्याकडून बळजबरीने आधीच लाच घेतली गेली असेल तर त्याने सात दिवसांच्या आत कळवले पाहिजे. हे मला ठाऊक नव्हते आणि गावात कोणालाही ठाऊक नव्हते. उलट ‘देणाराही आत जातो’ एवढेच सगळ्यांना माहीत होते आणि त्या भीतीनेच पुष्कळ जण गप्प बसतात.

सापळ्यानंतरचे वर्ष मात्र फार जड गेले. दळणाच्या गिरणीत बायका बोलायच्या थांबत. कोणी आईला म्हणाले, त्याच्या लेकराबाळांचा तळतळाट लागेल. आई दोन दिवस जेवली नाही. आमची नोंद तशीच पडून होती, कारण मूळ अर्ज ‘पुराव्यात गेला’ असे सांगण्यात येत होते. जुना_कारकून काकांनी जे लिहिले आहे ते अक्षरशः खरे आहे. मी शेवटी माहितीच्या अधिकारात माझ्या अर्जाची सद्यःस्थिती आणि तो कोणत्या तारखेपासून कोणाच्या टेबलावर आहे, हे विचारले. त्यानंतर तहसीलदारांनी अर्जाची साक्षांकित प्रत मागवून घेतली आणि नोंद झाली. सापळ्यात गेलेली रक्कम शासनाकडून परत मिळते, तशी ती मलाही मिळाली.

माझी साक्ष अजून व्हायची आहे. मी उलटणार नाही. पण आमची नोंद आजही अडलेली असती, तर मी हे वाक्य इतक्या ठामपणे लिहू शकले असते का, याचे उत्तर मला स्वतःलाही देता येत नाही.

सजा_क्रमांक_चार

मी महसूल खात्यात सेवेत आहे, त्यामुळे दुसऱ्या बाजूने काही सांगतो. लाच घेणाऱ्याची वकिली करण्याचा माझा हेतू नाही.

बांधावरची ताईंच्या प्रकरणात खासगी मुलाने पैसे मागितले. अशा वेळी त्या मुलावर कलम ७अ खाली गुन्हा दाखल होऊ शकतो, परंतु ज्याच्यासाठी तो मागतो त्याच्यापर्यंत पोहोचायचे असेल तर पडताळणीच्या वेळीच त्या दोघांमधील संबंध ध्वनिमुद्रणात यावा लागतो. घाईत केलेल्या सापळ्यात हे राहून जाते आणि मग कर्मचारी म्हणतो की हा मुलगा माझ्या नावावर परस्पर पैसे उकळत होता. सापळा लावायला एक दिवस उशीर झाला तरी चालेल, पण पडताळणी पूर्ण झाली पाहिजे, असे माझे आग्रहाचे मत आहे.

दुसरा मुद्दा विलंबाचा. अटकेत अठ्ठेचाळीस तासांपेक्षा जास्त काळ गेला की कर्मचारी निलंबित मानला जातो. मग उदरनिर्वाह भत्ता सुरू होतो, काही काळाने निलंबन आढावा होऊन तो बहुधा अकार्यकारी पदावर परत येतो आणि खटला चालूच राहतो. दोषी माणूस या व्यवस्थेत सहज पंधरा वर्षे काढतो. निर्दोष माणसाचे मात्र सर्वस्व जाते. छत्तीसगड उच्च न्यायालयाने २०२५ मध्ये एका सेवानिवृत्त कर्मचाऱ्याला शंभर रुपयांच्या लाचेच्या आरोपातून मुक्त केले. तो सापळा १९८६ मधला होता आणि खालच्या न्यायालयाने शिक्षा सुनावली होती २००४ मध्ये. एकोणचाळीस वर्षे! यात शासनाचा विजय झाला नाही आणि त्या माणसाचाही झाला नाही.

तिसरी गोष्ट थोडी अवघड आहे, पण लिहितो. आमच्यासारख्या खालच्या पदांवरच सापळे जास्त लागतात, कारण नोटेला हात आम्ही लावतो. ज्याच्या स्वाक्षरीवाचून काम होत नाही तो नोटेला हात लावत नाही. खालच्या माणसावर खटला चालवूच नये असे मी म्हणत नाही. त्याची चौकशी करताना ही रक्कम कोणाकोणात वाटली जाणार होती हा प्रश्न विचारला जावा, एवढेच म्हणतो.

आडवाट

या प्रत्येक प्रकरणात लाच मागितली गेली ती नियमाने व्हायलाच हवे होते अशा कामासाठी. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ नुसार अधिसूचित सेवा ठरलेल्या मुदतीत द्यावी लागते, अपील करता येते आणि कसूर करणाऱ्या अधिकाऱ्याला पाचशे ते पाच हजार रुपये दंड होऊ शकतो. मग खटल्यापर्यंत जाण्याऐवजी आधी हा मार्ग का वापरला जात नाही?

जुना_कारकून

आडवाट, आपला प्रश्न योग्य आहे आणि जेथे काम नुसत्या आळसाने रखडले असेल तेथे तोच मार्ग पहिला असावा. परंतु पैसे मागितले गेल्यावर प्रकरण दिरंगाईचे राहत नाही. दंड भरून मोकळा झालेला माणूस पुढच्या अर्जदाराकडे तेवढी रक्कम जास्त मागेल, हे मी एका टेबलापलीकडे बसून पाहिले आहे. लाच ही वेळ वाचवण्यासाठी दिली जाते, असा एक समज आहे. भारत सरकारने १९६२ मध्ये नेमलेल्या संथानम समितीनेही अशा ‘गतीच्या पैशां’ची दखल घेतली होती. प्रत्यक्षात मात्र हे पैसे मिळावेत म्हणूनच कागद मुद्दाम थांबवला जातो. आमच्या कार्यालयात एक जण आवक झालेले अर्ज दोन गठ्ठ्यांत ठेवीत असे आणि एका गठ्ठ्यावर कायम पेपरवेट असे. पेपरवेट उचलण्याचाच काय तो दर ठरलेला होता.

सजा_क्रमांक_चार यांचा विलंबाचा मुद्दा मला पूर्णपणे पटतो. काळा_कोट साहेबांना विचारतो: कायद्यात मुदत आहे ना?

काळा_कोट

आहे. २०१८ च्या दुरुस्तीनंतर कलम ४ मध्ये असे म्हटले आहे की खटला शक्यतो दररोज चालवावा आणि दोन वर्षांत संपवण्याचा प्रयत्न करावा. तसे न झाल्यास न्यायाधीशाने कारणे नोंदवून एका वेळी सहा महिन्यांची मुदतवाढ घ्यावी आणि एकूण काळ सामान्यतः चार वर्षांहून अधिक होऊ नये. त्याचप्रमाणे कलम १९ खाली खटल्याची मंजुरी ज्या अधिकाऱ्याने द्यायची, त्याने तीन महिन्यांत निर्णय घ्यावा आणि कायदेशीर सल्ल्यासाठी लागल्यास आणखी एक महिना घ्यावा, अशी अपेक्षा आहे. चौकशी सुरू करण्याआधी परवानगी घेण्याची कलम १७अ मधील अट मात्र लाच घेताना जागेवर पकडलेल्या प्रकरणांना लागू नाही, त्यामुळे सापळ्याच्या बाबतीत तिचे निमित्त कोणी सांगू नये.

मंजुरीच्या आदेशाविषयी एक गोष्ट माझ्या अनुभवातून सांगतो, कारण तिच्याकडे फारसे कोणी पाहत नाही. मंजुरी देणाऱ्याला त्या कर्मचाऱ्यास सेवेतून काढण्याचा अधिकार असावा लागतो आणि त्याने कागदपत्रे स्वतः वाचून निर्णय घेतला हे आदेशातून दिसावे लागते. पुष्कळदा आदेशाचा तयार मसुदा तपास यंत्रणेकडून येतो आणि खाली नुसती सही होते. पुढे तोच अधिकारी साक्षीला येतो आणि बचाव पक्षाचा वकील विचारतो, ‘आपण ध्वनिमुद्रणाचे लिप्यंतर वाचले होते का?’ तो गोंधळतो. मी अशा एका उत्तराने चांगला खटला खिळखिळा झालेला पाहिला आहे.

फितुरीवरचा उपायही कायद्यात उपलब्ध आहे. सापळ्यानंतर लगेच तक्रारदाराचा जबाब दंडाधिकाऱ्यासमोर शपथेवर नोंदवून घ्यावा. पूर्वी हे फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १६४ खाली होत असे, आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १८३ खाली होते. असा जबाब हा स्वतंत्र पुरावा ठरत नाही, पण उलटणाऱ्याला आपण पूर्वी शपथेवर काय बोललो होतो याची जाणीव राहते. तरीही धागाकर्त्यांनी सुचवलेला उपाय मला याहून अधिक मोलाचा वाटतो. शपथेने माणूस एका मर्यादेपर्यंत बांधला जातो. सातबाऱ्यावर नाव लागलेला माणूस मुळातच कोणाचा मिंधा राहत नाही.

नवा_रुजू

सर्वांचे प्रतिसाद फार उपयोगी वाटले. मी एका कार्यालयात नुकताच कनिष्ठ लिपिक म्हणून लागलो आहे आणि मला साहेबांनी आजच सांगितले की परवा सकाळी पंच म्हणून जायचे आहे. [प्रतिसादाचा पुढील भाग लेखकाने संपादित केला आहे.] मी कधी न्यायालयाची पायरी चढलेलो नाही. मला नेमके कशाकडे लक्ष द्यावे लागेल, हे कोणी सांगेल का?

जुना_कारकून

नवा_रुजू, प्रथम आपल्या प्रतिसादातील कार्यालयाचे आणि गावाचे नाव ताबडतोब काढून टाका आणि यापुढे याविषयी कुठेही, घरीसुद्धा, बोलू नका. एका तालुक्यात अशी बातमी फिरायला अर्धा दिवस पुरतो आणि मग तक्रारदार एकटा पडतो.

आता आपल्या प्रश्नाविषयी. पंचनामा वाचून दाखवला जाईल, तो पूर्ण ऐकल्याशिवाय सही करू नका. त्यात आपण न पाहिलेली गोष्ट असेल तर नम्रपणे, पण स्पष्टपणे सांगा आणि दुरुस्त करून घ्या. दिवा, पावडर, नोटांचे क्रमांक हे सारे कागदावर येतच असते आणि साक्षीपूर्वी ते पुन्हा वाचायला मिळते. आपण लक्ष द्यायचे ते बोलण्याकडे. मी ज्या कर्मचाऱ्यासमोर बसलो होतो त्याने ‘पैसे’ हा शब्द शेवटपर्यंत उच्चारला नाही. त्याने आधी अर्ज उचलून हातात धरला, तक्रारदाराकडे पाहिले आणि म्हणाला, ‘कालचं आणलंस का?’ आदल्या दिवशी दीड हजार ठरले होते, म्हणून ‘कालचं’ या शब्दाला अर्थ होता. पंचनाम्यात मात्र ‘लाचेच्या रकमेची मागणी केली’ एवढेच लिहिले गेले आणि मीही त्यावर सही केली. नऊ वर्षांनी न्यायालयाने मला त्याचे शब्द विचारले, तेव्हा मी ‘पैसे आणलेस का, असे म्हणाला’ असे सांगितले. ध्वनिमुद्रणात ते शब्द नव्हते, म्हणून माझ्या साक्षीवरचा विश्वास तेथेच उडाला.

जे कानांनी ऐकाल ते त्याच शब्दांत पंचनाम्यात लिहून घ्या.

नवा_रुजू

नाव काढले आहे. काका, शब्द जसेच्या तसे लिहून घेईन.